चंद्रावरची स्टील गिटार

१९६९ मध्ये चंद्रावतरणाचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण पाहून इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो असमाधानी राहिला. तज्ज्ञांच्या अखंड बोलण्यात त्या घटनेची भव्यता हरवली, असे त्याचे मत होते. पुढे अल राइनर्टच्या अपोलो मोहिमांवरील चित्रपटासाठी त्याने भाऊ रॉजर आणि डॅनियल लॅन्वा यांच्यासह शब्दविरहित संगीत रचले. ते १९८३ मध्ये 'अपोलो' या नावाने प्रसिद्ध झाले. 'फॉर ऑल मॅनकाइंड' हा चित्रपट मात्र १९८९ मध्ये आला.

अवकाश म्हटले की यंत्रांचे थंड, गूढ ध्वनी आपण गृहीत धरतो. येथेही सिंथेसायझर आहेच. पण काही रचनांत लॅन्वाची पेडल स्टील गिटार स्वरांवरून अलगद घसरत जाते. अमेरिकन कंट्री संगीतातील हे वाद्य चंद्रावर कशासाठी? अंतराळवीरांनी याच संगीताच्या कॅसेट सोबत नेल्या होत्या, हे ईनोला ठाऊक होते.

आम्हांला ही निवड मोलाची वाटते. अनोळखी प्रदेशात जाणारा माणूस घरची गाणी बरोबर नेतो. म्हणून हे संगीत चंद्रापेक्षा, तेथून मागे वळून पृथ्वीकडे पाहणाऱ्या माणसाचे अधिक आहे. त्यातील हळवेपणा अंतराळाचा नव्हे, अंतराचा आहे.