फलज्योतिषाची पुण्यातील संख्याशास्त्रीय चाचणी

जन्मवेळी आकाशात असलेल्या ग्रहस्थितीवरून माणसाचा स्वभाव, बुद्धी, आरोग्य व भवितव्य सांगणाऱ्या विद्येस फलज्योतिष म्हणतात. ग्रहगणित आणि पंचांग यांच्याशी तिचा संबंध असला, तरी ती खगोलशास्त्राहून वेगळी आहे. ग्रहणाची वेळ गणिताने काढता येते व ती खरी ठरली की नाही, हे कोणालाही पाहता येते. फलादेशाच्या बाबतीत मात्र अशी पडताळणी सहसा होत नाही. ही पडताळणी करण्याचा पद्धतशीर प्रयत्न २००८ मध्ये पुण्यात झाला. भारतीय पद्धतीच्या कुंडल्यांवर संख्याशास्त्राच्या कसोट्या लावून केलेली ही चाचणी आजही विचारात घेण्यासारखी आहे.

पार्श्वभूमी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांतून ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवण्याचा निर्णय घेतला. देशभरातील अनेक वैज्ञानिकांनी त्यास विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अभ्यासक्रम ठरवणे हे न्यायालयाचे काम नसले, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहिला : फलज्योतिषाचे दावे अनुभवाच्या कसोटीला उतरतात का?

पुण्यातील चाचणीमागे चार व्यक्ती होत्या. ‘आयुका’चे संस्थापक संचालक व खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, तत्कालीन पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. यांपैकी घाटपांडे हे पूर्वी स्वतः ज्योतिष पाहत असत व पुढे या विद्येचे चिकित्सक झाले. त्यामुळे पत्रिका कशी मांडतात आणि ज्योतिषी ती कशी वाचतात, याची आतली माहिती या गटाकडे होती.

चाचणीची रचना

कुंडलीतील पंचमस्थानावरून विद्या व बुद्धी पाहावी, बुध हा बुद्धीचा कारक मानावा, असे ज्योतिषग्रंथांत सांगितलेले आहे. म्हणजे बुद्धिमत्ता पत्रिकेत दिसते, हा दावा ज्योतिषाचाच आहे. चाचणीसाठी तोच निवडण्यात आला. एका गटात १०० हुशार विद्यार्थी आणि दुसऱ्या गटात विशेष शाळांतील १०० मतिमंद (आजच्या परिभाषेत बौद्धिक दिव्यांग) मुले, अशा २०० जणांचे जन्मतपशील गोळा करण्यात आले. त्यांवरून संगणकाच्या साहाय्याने पत्रिका तयार झाल्या. पत्रिकांवर नावे नव्हती, केवळ सांकेतिक क्रमांक होते.

मे २००८ मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आवाहन करण्यात आले. भाग घेणाऱ्या प्रत्येकास यदृच्छेने निवडलेल्या ४० पत्रिका मिळणार होत्या. प्रत्येक पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच त्याने सांगायचे होते. या आवाहनावर ज्योतिषांमध्ये मतभेद झाले; काहींनी बहिष्काराची भूमिका घेतली. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. याशिवाय एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या.

निष्कर्ष

दोनच पर्याय असल्याने, पत्रिका न पाहता छापा-काटा करून उत्तरे दिली तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर येतात. ४० पैकी २८ किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शेकडा एकाहून कमी असते. म्हणून त्या पातळीचे यश मिळाले असते, तर त्याची दखल घेणे भाग पडले असते. प्रत्यक्षात सर्वोत्तम उत्तरे २४ होती आणि तीही एकाच ज्योतिषाची. २७ जणांनी नाणेफेक केली असती, तर सरासरी तीन-चार जण २४ चा आकडा गाठू शकले असते. सर्व सहभागी ज्योतिषांच्या यशाची सरासरी निम्म्याहूनही कमी होती. ज्योतिषसंस्थेची २०० पैकी १०२ उत्तरे बरोबर आली. योगायोगाने १०० अपेक्षित होती. हे निष्कर्ष मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आक्षेप आणि मर्यादा

अशा चाचण्यांवर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. जन्मवेळ अचूक नसते, हा पहिला. एका पत्रिकेवरून निर्णय देता येत नाही, आईवडिलांच्या पत्रिकाही पाहाव्या लागतात, हा दुसरा. फलादेशाला अंतःस्फूर्तीची जोड लागते, हा तिसरा. पहिल्या आक्षेपात तथ्य असू शकते. लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते. परंतु विवाह जुळवताना किंवा आजारी मुलाविषयी सल्ला देताना याच अचूकतेच्या जन्मवेळा ग्राह्य धरल्या जातात. सल्ला देताना चालणारी पत्रिका तपासणीच्या वेळीच अपुरी का ठरावी, याचे उत्तर या आक्षेपांत मिळत नाही.

चाचणीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. तिने एकच दावा तपासला. विवाह, आयुर्मान किंवा अर्थप्राप्ती यांविषयीची भाकिते तिच्या कक्षेत नव्हती. सहभागी ज्योतिषांची संख्याही मोठी नव्हती. तरी विशेष शाळेतील मुलांच्या पालकांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मुलाचे अपंगत्व पत्रिकेतच लिहिलेले होते, असे सांगून त्यांना शांती किंवा तोडगे सुचवले जातात. पत्रिकेत तसे काही ओळखता येते, याला या चाचणीत आधार मिळाला नाही.

नंतरचा काळ

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या झाडून हत्या झाली. या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली. दाभोलकरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केलेला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने संमत केला. नरबळी, अघोरी प्रथा आणि चमत्काराच्या नावाखाली होणारी फसवणूक यांविरुद्ध तो आहे. ज्योतिष सांगण्यास त्यात बंदी नाही. डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. पत्रिका पाहायची की नाही, हा निर्णय आजही ज्याच्या-त्याच्याकडेच आहे. तो घेणाऱ्याला आता २००८ च्या चाचणीचे आकडे उपलब्ध आहेत आणि ज्याला ते मान्य नसतील, त्याला तशाच अटींवर ती चाचणी पुन्हा घेता येईल.