दस्तक ते उड्डाणपरवाना

लहान विमान कायदेशीरपणे उडवायचे असेल तर दोन जातींचे कागद लागतात: विमानाचे आणि वैमानिकाचे. विमान कोणत्या देशाच्या दफ्तरी, कोणाच्या नावे आहे, हे नोंदणीपत्र सांगते. ते उडण्याजोगे आहे अशी ग्वाही उड्डाणयोग्यतेचा दाखला देतो, आणि चालवणाऱ्याला ते चालवता येते हे त्याच्या परवान्यावरून कळते. हे तिन्ही प्रश्न विमानापेक्षा पुष्कळ जुने आहेत. आधी ते जहाजांना विचारले गेले, आणि त्यांतल्या पहिल्या प्रश्नावरून आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या गेल्या.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात ‘कर्ताझ’ची सक्ती केली. हा शब्द कागद या अर्थाच्या अरबी ‘किर्तास’वरून आला. जहाजाचे आणि नाखव्याचे नाव, आकारमान, जवळची हत्यारे, जायचे बंदर असा मजकूर त्यात असे. ठरलेल्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरण्याची अट असे. कर्ताझ नसलेले जहाज मालासकट जप्त होई. अकबर बादशहाच्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती. या किनाऱ्यावर चौलजवळचे रेवदंडा हे पोर्तुगिजांचे ठाणे होते.

याच पाण्यात पुढे मराठी आरमाराचे दस्तक आले. फारसी ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तक म्हणजे हाती दिलेला परवाना. 1714 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या करारानंतर कान्होजी आंग्रे शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे. किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी आपले दस्तक घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी कागदपत्रांनी त्यांना चाचे ठरवले. पण मागणीचा गाभा पाहिला तर ती पोर्तुगीज दोनशे वर्षे करत आले त्याहून वेगळी नव्हती. फरक एवढाच की इथे परवाना देणारी सत्ता या किनाऱ्याची होती.

इंग्रजांशी खरा तंटा सूक्ष्म होता आणि आजच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना त्रास न देण्याचे कान्होजींनी 1713 मध्ये मान्य केले होते. परंतु मुंबईतल्या देशी व्यापाऱ्याचे गलबत कंपनीचा पास आणि निशाण घेऊन निघाले, तर ते इंग्रजांचे मानायचे का? इंग्रज म्हणत, होय. कान्होजींच्या मते निशाणाने मालकी बदलत नाही. गलबत कोणत्या सत्तेचे हे मालकावरून ठरवायचे की कागदावरून, हाच तो वाद. 1718 मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर हल्ला केला, 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. दोन्ही वेळा किल्ले टिकले.

विमानाचे कागद दस्तकातून थेट उतरले असे म्हणता येणार नाही. त्यांचे मूळ युरोपातल्या सागरी कायद्यात आहे. मात्र तो कायदा घडवणारे प्रश्न अशाच पाण्यात पिकले होते. भाषेतही ही वहिवाट दिसते. ‘पायलट’ हा मुळात जहाजाला वाट दाखवणारा. ‘लॉगबुक’मधला लॉग म्हणजे वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात सोडायचा लाकडाचा तुकडा. त्या दोरीच्या गाठींवरून आलेल्या ‘नॉट’ या एककात विमानाचा वेग आजही सांगितला जातो.

13 ऑक्टोबर 1919 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारात कान्होजींच्या काळातल्या तंट्याचे उत्तर हवेपुरते लिहिले गेले: विमान ज्या देशात नोंदलेले, त्या देशाचे. त्या वेळी भारतातल्या विमानांना ब्रिटिश साम्राज्याच्या ‘जी’नंतर ‘आय’ अशी खूण मिळाली. 1929 पासून ‘व्हीटी’ आली. ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ हा तिचा लोकप्रिय विस्तार खरा नव्हे. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत भारताच्या वाट्याला आलेल्या रेडिओसंकेतांतली ती अक्षरे आहेत. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानावर ‘व्हीटी-एडीएन’ ही नोंद होती.

1944 च्या शिकागो कराराच्या 29 व्या कलमाने परदेशी जाणाऱ्या विमानातल्या कागदांची यादी पक्की केली. नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचा दाखला, चालकवर्गाचे परवाने, प्रवासवही आणि रेडिओ असल्यास त्याचा परवाना हे तीत आले. प्रवाशांची आणि मालाची यादीही त्यात आहे, आणि ती सरळ जहाजाच्या दफ्तरातून उचललेली आहे. भारतात 1934 चा विमान कायदा आणि 1937 चे विमान नियम यांनी ही व्यवस्था चालवली. 1 जानेवारी 2025 पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. खासगी वैमानिकाला वयाची 17 वर्षे, किमान 40 तासांचे उड्डाण आणि चालू मुदतीचा वैद्यकीय दाखला लागतो. विमानाच्या उड्डाणयोग्यतेचीही ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी होते. एकदा मिळालेला दाखला तेवढ्यावर चालत नाही.

कर्ताझ आणि दस्तक यांत आणि आजच्या कागदांत मोठा फरक इथेच पडतो. जुना परवाना जकात आणि अभय यांचा व्यवहार होता: पैसे भरा, आम्ही लुटणार नाही. लाकूड कुजके आहे का, नाखव्याला वारा कळतो का, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. योग्यतेचे दोन्ही दाखले ही पुढच्या काळाची, माणसाच्या जिवाची किंमत ओळखणारी भर आहे.

फेब्रुवारी 2025 पासून भारतात वैमानिकाचा परवाना इलेक्ट्रॉनिक रूपातही मिळू लागला. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक विमानात, मुख्य दाराजवळ, आगीत न वितळणाऱ्या धातूची एक छोटी पट्टी ठोकलेली असते. सगळे कागद जळून गेले तरी विमान कोणाचे हे कळावे म्हणून नोंदणीची अक्षरे तिच्यावर कोरलेली असतात.