माहेरचं वळण

१९९० साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून एक तांत्रिक अहवाल निघाला, क्रमांक १४९. त्यात एका प्रोग्रामची माहिती होती: एका बाजूने फोर्ट्रान भाषेतला कोड घालायचा, दुसऱ्या बाजूने सी भाषेतला बाहेर पडतो. नाव 'एफ-टू-सी'. बारशाला फार डोकं खर्ची पडलेलं दिसत नाही.

गरज मात्र खरी होती. जॉन बॅकस यांच्या चमूने घडवलेली फोर्ट्रान आयबीएमने १९५७ मध्ये ग्राहकांच्या हाती दिली, आणि पुढची तीन दशकं शास्त्रज्ञांनी आकडेमोडीची अवजारं तिच्यातच घडवली. मधल्या काळात युनिक्सचं बोट धरून सी सगळीकडे पोचली. नव्या यंत्रावर सीचा कंपायलर बहुधा असायचाच. फोर्ट्रानचा मिळेलच याची शाश्वती नव्हती. घासूनपुसून तपासलेलं गणित केवळ भाषेपायी टाकून द्यायचं कसं?

अहवालावर चौघांची नावं आहेत: स्टुअर्ट फेल्डमन, डेव्हिड गे, मार्क मेमोन आणि नॉर्मन श्रायर. फेल्डमन यांनी आधीच फोर्ट्रान ७७ चा कंपायलर लिहिला होता. एफ-टू-सी त्याच्याच पायावर उभा राहिला. (मेमोन पुढे नासाच्या जेपीएलमध्ये मंगळावरच्या गाड्या हाकू लागले.)

त्यातून निघालेला कोड उघडून पाहावा. फोर्ट्रानमध्ये यादीतल्या पहिल्या आकड्याचा क्रमांक सहसा १, सीमध्ये ०. माणूस भाषांतर करताना प्रत्येक ठिकाणी एक वजा करत बसला असता, आणि कुठेतरी चुकलाही असता. एफ-टू-सी फंक्शनच्या तोंडाशीच यादीचा पॉइंटर एक घर मागे सरकवतो. झालं! खालचे सगळे क्रमांक जसेच्या तसे. सीच्या नियमपुस्तकाला हे मान्य नाही, पण यंत्रं सहसा तक्रार करत नाहीत. फंक्शनच्या नावामागे एक अंडरस्कोर, 'आय' या साध्या चलामागे दोन. आणि साधा आकडासुद्धा थेट हाती न देता त्याचा पत्ता द्यायचा, कारण फोर्ट्रानची रीतच तशी. नांदायला सीच्या घरी, वळण सगळं माहेरचं.

असा कोड वाचायला कंटाळवाणा असतो. पण तो वाचण्यासाठी नव्हताच, चालण्यासाठी होता. रेषीय बीजगणिताचा लॅपॅक हा प्रसिद्ध संच १९९२ मध्ये फोर्ट्रानमध्ये आला. त्याचा सी अवतार, सीलॅपॅक, एफ-टू-सीनेच काढलेला. प्रतिमांवर काम करणाऱ्या ओपनसीव्हीच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही त्याचे तुकडे सापडतात.

माहेरच्या वळणाची अडचण झाली ती फार पुढे, ब्राउझरमध्ये. २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालेला पायोडाइड हा प्रकल्प पायथन भाषा वेबॲसेंब्लीवर, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या संकेतावर, चालवतो. त्यात सायपाय ही पायथनची वैज्ञानिक आकडेमोडीची लायब्ररी आणायची तर तिच्या पोटातलं फोर्ट्रान आड येत होतं, कारण वेबॲसेंब्लीसाठी फोर्ट्रानचा कामाचा कंपायलर हाताशी नव्हता. म्हणून एफ-टू-सी पुन्हा कामाला जुंपला. फोर्ट्रानची सबरूटीन काहीच परत देत नाही, पण एफ-टू-सी तिला पूर्णांक परत देणारं फंक्शन म्हणून लिहितो. अक्षरांची माळ पाठवली की तिची लांबीही शेवटी गुपचूप जोडतो. साध्या यंत्रावर हे खपून जातं. वेबॲसेंब्ली फंक्शनला हाक मारतानाच घेणंदेणं ताडून पाहते आणि जुळलं नाही तर प्रोग्राम जागीच थांबवते. पायोडाइडच्या मंडळींना मग अशा घोषणा एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या, काही छोट्या स्क्रिप्टने, काही हाताने.