दवंडी ते समाजमाध्यम : धाराशिव जिल्ह्यातील शासकीय जनसंपर्काचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शासनाचे निर्णय लोकांना कळविणे आणि लोकांचे म्हणणे शासनापर्यंत पोहोचविणे, अशा दोन दिशांनी जनसंपर्काचे कार्य चालते. समाजमाध्यमांमुळे या कार्याचे स्वरूप मुळापासून पालटले, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निजामकालीन व्यवस्था :
1948 पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, तर बहुसंख्य रयतेची भाषा मराठी होती. त्यामुळे सरकारी हुकूम गावकऱ्यांना समजे तो पाटलाच्या तोंडून किंवा दवंडीतून. हा संपर्क एकतर्फीच होता. वृत्तपत्रांवरील निर्बंधही कडक होते. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' या पत्राला बंदीमुळे निरनिराळ्या नावांनी प्रसिद्ध व्हावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. मात्र दवंडीचे एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. ती देणारा माणूस गावाच्या ओळखीचा असे आणि हुकूम कोणाचा, हे गावाला ठाऊक असे.

महाराष्ट्र राज्य व माहिती कार्यालय :
1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुढील काळात माहिती व जनसंपर्क विभागाचे जिल्हा माहिती कार्यालय, 'लोकराज्य' मासिक आणि आकाशवाणी ही शासकीय प्रसिद्धीची प्रमुख साधने ठरली. बातमीपत्रकावर कार्यालयाचे नाव व दिनांक असे. त्याची प्रत संचिकेत राही. माहिती देणारा कोण, हे स्पष्ट होते. परंतु प्रवाह मुख्यतः वरून खालीच वाहत राहिला.

1993 चा भूकंप : संवादाचा नवा प्रयोग :
30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा तालुक्याचा सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. पुनर्वसनाच्या योजना आखल्या गेल्या. पण घराची दुरुस्ती व मजबुतीकरण कसे करावे, साहाय्य कोणत्या टप्प्यावर मिळते, हे केवळ पत्रके वाटून समजणारे नव्हते. अशा वेळी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केले. त्या योजना समजावून सांगत आणि गावाच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडत. जिल्ह्याच्या जनसंपर्काच्या इतिहासात या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. येथे माहिती परत फिरली आणि ती नेणारी व्यक्तीही गावाला उत्तर देण्यास बांधील राहिली.

समाजमाध्यमांचे युग :
माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 ने माहिती स्वतःहून प्रकट करण्याचे दायित्व कार्यालयांवर टाकले. त्यानंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचले. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंडा भागात पूर आला, तेव्हा पाण्याने वेढलेल्या वस्त्यांची दृश्ये लोकांनी स्वतःच राज्यभर पोहोचविली. बातमीपत्रकाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. जनसंपर्क अधिकारी आता माहितीचा पहिला स्रोत राहिलेला नसून, आधीच पसरलेल्या माहितीची शहानिशा करणारा झाला आहे.

या वेगाची दुसरी बाजू भयावह आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मृतांपैकी बहुतेक जण धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. अफवेच्या संदेशाला दवंडीसारखा ओळखीचा चेहरा नव्हता, की बातमीपत्रकासारखे कार्यालयाचे नाव नव्हते.

अभिलेखाचा प्रश्न :
इतिहासाच्या अभ्यासकासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो. बातमीपत्रकाची प्रत संचिकेत सापडते. समाजमाध्यमावरील मजकूर मात्र बदलता वा पुसता येतो. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 ने संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेखात समाविष्ट केली आहे. हे तत्त्व जिल्हा पातळीवर आचरणात येणे आवश्यक आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये शहराच्या नामांतरास केंद्राने मान्यता दिली आणि सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचे नावही धाराशिव झाले. अशा संक्रमणकाळातील शासकीय संदेश जतन न झाल्यास उद्याच्या संशोधकाला या काळाचे साधन उरणार नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, दुतर्फी संवाद ही समाजमाध्यमांची देणगी नव्हे. या जिल्ह्यात त्याचा पाया भूकंपग्रस्त गावांतील स्त्रियांनी आधीच घातला होता. समाजमाध्यमांनी वेग व विस्तार दिला, पण उत्तरदायित्व आपोआप दिले नाही. म्हणून प्रत्येक कार्यालयाने लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणारी जबाबदार व्यक्ती नेमणे, चुकीच्या माहितीचे तत्काळ खंडन करणे आणि प्रसृत केलेला प्रत्येक संदेश जतन करणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांनी संवाद सहायक राहिलेल्या स्त्रियांच्या मौखिक आठवणी संकलित केल्यास या कार्यास स्थानिक अनुभवाचा आधार मिळेल.