मात्सुएचा किल्ला आणि दोन फळ्या

किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला व कोणाच्या हातून गेला, एवढे सांगून थांबतात. राज्य बुडाले, लढाया संपल्या, ज्या कारणासाठी तो उभारला ते कारणच उरले नाही, त्यानंतर त्या दगडालाकडांचे काय झाले हा भाग शेवटच्या एका वाक्यात उरकला जातो. गेल्या दसऱ्याच्या सुटीत जपानमधील मात्सुए ह्या शहरी जाण्याचा योग आम्हांस आला. तेथील किल्ल्याच्या बाबतीत हे शेवटचे वाक्यच खरा इतिहास आहे, असे आमचे मत झाले. तो वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त ओसाकास असतो. आम्ही बेळगावात आजही शाळेस सायकलीवरून जातो, हे त्यास ठाऊक असल्यामुळे त्याने मोटारीचा बेत न आखता सायकलींचा आखला. इझुमो येथून निघावयाचे, हिइ नदीचे मैदान ओलांडावयाचे आणि शिंजी सरोवराच्या दक्षिण काठाने मात्सुए गाठावयाचे. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकास ते जड नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या गुडघ्यांचे म्हणणे थोडे निराळे होते. पण रस्ता सपाट असल्यामुळे त्यांचे कोणी ऐकले नाही.

ह्या मैदानातील भातशेती पाहताना बेळगावच्या माणसास परके वाटत नाही. कापणी झाली होती, खाचरांत खुंट उरले होते. परकी वाटली ती घरे. प्रत्येक घराच्या वाऱ्याकडील बाजूस पाइन वृक्षांची उंच भिंत, आणि ती कातरून अशी चौकोनी केलेली की, एखाद्या गवंड्याने ओळंबा लावून बांधली आहे असे वाटावे. हिवाळ्यातील वारे अडविण्यासाठी शेतकऱ्यांनी केलेली ही योजना आहे. हिइ नदी पूर्वी पुरासाठी कुप्रसिद्ध होती. जपानी पुराणात आठ डोक्यांच्या सर्पाचा जो वध सांगितला आहे, तो ह्याच नदीच्या परिसरात. आणि तो सर्प म्हणजे पूर आलेली नदीच होय, असा अर्थ लावणारेही आहेत. आपल्याकडे वृत्रवधाचे असेच अर्थ लावतात. ह्या मैदानातून जाताना आम्ही शेतकऱ्यांची घरे केवळ कौतुकाने पाहिली. त्यांचा व किल्ल्याचा काही संबंध असेल, ही कल्पना त्या दिवशी आम्हांस नव्हती.

मात्सुए जवळ आले तेव्हा सूर्य सरोवरात उतरत होता. काठापासून थोड्या अंतरावर एक चिमुकले बेट आहे, त्याचे नाव योमेगाशिमा, म्हणजे सुनेचे बेट. बुडून मेलेल्या एका सुनेची कथा त्याच्याशी जोडली आहे. सासुरवाशिणीच्या दुःखास देशाची सीमा नाही, एवढे मनात येऊन आम्ही पुढे गेलो.

किल्ला पाहिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. १६०० साली सेकिगाहारा येथील लढाईत तोकुगावा इएयासू विजयी झाला, आणि त्याच्या पक्षाच्या होरिओ घराण्यास हा प्रांत मिळाला. प्रांताचे जुने ठाणे गास्सान तोदा हे डोंगरी होते. ते लढण्यास चांगले, पण पेठ वसविण्यास व बंदुकांच्या युगास गैरसोयीचे. होरिओ योशिहारू ह्याने ते सोडले आणि सरोवराच्या काठी, बुटक्या टेकडीवर, भोवती खंदक खणून नवा किल्ला बांधावयास घेतला. काम १६०७ साली सुरू झाले. योशिहारू १६११ साली वारला. त्याचा मुलगा आधीच गेला होता. गादीवर असलेला नातू १६३३ साली निपुत्रिक मेला. पुढे क्योगोकू घराणे आले, तेही वारसाअभावी लवकरच गेले. १६३८ साली इएयासूचा नातू मात्सुदाइरा नाओमासा येथे आला, आणि १८७१ साली संस्थाने खालसा होईपर्यंत त्याच्या वंशाच्या दहा पिढ्यांनी येथे राज्य केले. ह्या साऱ्या काळात किल्ल्यावर लढाई अशी झालीच नाही.

मुख्य मनोरा, ज्यास जपानी भाषेत तेन्शू म्हणतात, तो पायथ्याच्या दगडी जोत्यासह सुमारे तीस मीटर उंच आहे. हिमेजीच्या शुभ्र किल्ल्याची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा प्रथम उदास वाटेल. भिंतींवर काळ्या फळ्यांचे आच्छादन, आणि वर छपरांचे पसरलेले पंख. आम्हांस मात्र हा काळेपणा आवडला. हिमेजी दरबारी पोशाखात उभा आहे. हा कामाच्या कपड्यांत आहे.

आत शिरावे ते एका पुढे काढलेल्या बुरूजवजा भागातून. दारास लोखंडी पत्रे ठोकलेले, आणि आत येणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी मारा करता येईल अशी वळणे. महादरवाज्याची वाट वळवून शत्रूची छाती उघडी पाडण्याची आपल्या दुर्गकारांची युक्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे काही समजावून सांगावे लागणार नाही. नंतर तळघर. तेथे वेढ्याच्या वेळी लागणारे मीठ साठवीत, आणि तेथेच एक खोल विहीर आहे. आज शिल्लक असलेल्या जपानी मनोऱ्यांपैकी पोटात विहीर असलेला हा एकच.

वरच्या मजल्यांवरील खांब मात्र थांबून पाहण्यासारखे आहेत. तळापासून माथ्यापर्यंत जाणारा एकच प्रचंड खांब येथे नाही. त्याऐवजी दोन-दोन मजले व्यापणारे खांब निरनिराळ्या ठिकाणी उभे करून, एकाचा भार दुसऱ्याकडे सरकवीत, वरचे ओझे खाली आणले आहे. मोठे वृक्ष दुर्मिळ झाले की सुतारास अक्कल अधिक लागते. अनेक खांबांना चहूबाजूंनी फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळले आहे. काही तुळ्यांवर होरिओंची खूण कोरलेली आढळते. ते लाकूड जुन्या डोंगरी किल्ल्यावरून उतरवून आणलेले असावे, असे अभ्यासक मानतात. जिने किरी नावाच्या हलक्या लाकडाचे आहेत, ते लवकर कुजत नाही आणि सहज पेटत नाही. प्रसंगी जिनाच ओढून घ्यावयाचा, ही त्यामागची योजना. ते जिने इतके उभे आहेत की, चढताना आमचे हात पायांच्या मदतीस आले. “मामा, उतरताना तोंड भिंतीकडे ठेवा,” असे भाच्याने बजावले. सर्वांत वरचा मजला चारी बाजूंनी उघडा आहे. तेथून सरोवर, शहर आणि आम्ही आदल्या दिवशी ओलांडलेल्या मैदानाची दिशा दिसते.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. १८६८ नंतरच्या नव्या राजवटीस किल्ले नकोसे झाले होते. ते जुन्या सत्तेची खूण, शिवाय त्यांच्या डागडुजीचा खर्च. १८७३ साली सरकारने किल्ल्यांविषयी हुकूम काढला. लष्करास उपयोगी ते ठेवावयाचे, बाकीचे मोडीत काढावयाचे. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक डोंगरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंगांनी उडविल्या. परक्याने ते केले म्हणून आपण त्याची चीड बाळगतो. जपानात हे काम जपान्यांनीच केले, आणि तेही लिलाव पुकारून. मात्सुएच्या किल्ल्याचे लिलाव १८७५ साली झाले. लहान बुरूजघरे चार-पाच येनांना गेली. मुख्य मनोऱ्याची किंमत १८० येन ठरली. ती इमारतीची किंमत नव्हती. मोडून निघणाऱ्या लाकडाची व लोखंडाची होती.

त्या वेळी दोन माणसे पुढे आली. एक ताकागी गोनपाची, संस्थानचा पूर्वीचा सामुराई. दुसरा कात्सुबे मोतोएमोन, हिइ नदीच्या मैदानातील एक सधन शेतकरी. ह्यांनी १८० येनांची तेवढीच रक्कम उभी करून लष्कराकडे भरली, आणि मनोरा मोडण्यावाचून राहिला. ही हकीकत आम्हांस किल्ल्यात समजली, आणि आदल्या दिवशी पाहिलेली ती पाइनच्या भिंतींची घरे पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. सामुराईस आपल्या धन्याच्या किल्ल्याचे प्रेम असावे हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या सारा भरला, त्या शेतकऱ्यास हा मनोरा का हवा होता? करवसुलीची खूण म्हणून तो पडला असता तर त्यास आनंदच व्हावयास हवा होता, असे एखादा तर्कपटू म्हणेल. आम्हांस वाटते, अडीचशे वर्षे एखादी वस्तू क्षितिजावर दिसत राहिली की ती धन्याची राहत नाही, पाहणाऱ्याची होते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

ह्या दोघांच्या उपकाराचा लाभ झालेला एक माणूस साहित्याच्या वाचकांस परिचित आहे. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० साली मात्सुए येथे इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. येथील एका सामुराई घराण्यातील सेत्सू हिच्याशी त्याने लग्न केले. पुढे तो जपानी नागरिक झाला व कोइझुमी याकुमो हे नाव त्याने घेतले. किल्ल्याच्या उत्तरेकडील खंदकाकाठचे त्याचे राहते घर आजही दाखवितात. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात ह्या किल्ल्याचे वर्णन आहे, आणि तटाच्या पायात जिवंत पुरलेल्या एका मुलीची दंतकथाही आहे. ती नृत्यवेडी होती, म्हणून गावात कोणी मुलगी नाचली की किल्ला हादरे, असे लोक म्हणत. बुरुजाखाली वा तळ्याच्या तळाशी दिलेल्या बळीच्या अशा कथा आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांवरून बांधकामाचा काळ ठरत नाही.

आणि काळ ठरविण्याचा प्रश्न पुढे खरोखरच उपस्थित झाला. १९३५ साली ह्या मनोऱ्यास राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला होता. १९५० साली नवा कायदा आला आणि त्याखाली तो एक पायरी खालच्या वर्गात गेला. त्याच सुमारास, १९५० ते १९५५ ह्या काळात, मनोरा सुटा करून पुन्हा उभारण्याचे मोठे काम झाले. वरचा दर्जा परत मिळावा म्हणून शहरवासीयांनी खटपट केली, लाखावर सह्या गोळा केल्या. अडचण होती ती पुराव्याची. मनोरा नक्की केव्हा पुरा झाला हे सांगणारा अस्सल पुरावा हाती नव्हता. सह्यांनी तारीख सिद्ध होत नाही, हे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे कठोर असले तरी योग्यच होते.

१९३७ साली पाहणी करणाऱ्या एका अभ्यासकाने मनोऱ्यात दोन प्रार्थनाफलक पाहिल्याची नोंद होती. पुढे ते दिसेनासे झाले. नगरपालिकेने शोधासाठी बक्षीसही लावले. अखेर २०१२ साली त्या दोन फळ्या सापडल्या, आणि कोठे? किल्ल्याच्याच आवारातील मात्सुए देवस्थानात. त्यांवर केइचो शकाचे सोळावे वर्ष, म्हणजे १६११, असा काळ होता. एका फळीवर महाप्रज्ञापारमितासूत्राच्या सहाशे खंडांच्या पारायणाचा उल्लेख आहे. आपल्या भूमीत संस्कृतात रचलेला ग्रंथ ह्युएन्संगाने चिनी भाषेत नेला, आणि एका जपानी सरदाराच्या युद्धभाग्यासाठी त्याचे पारायण झाले. हिंसेसाठी प्रज्ञापारमिता, ह्यातील विसंगती जाणत्यांस वेगळी सांगावयास नको.

परंतु फळी सापडली म्हणजे ती ह्याच इमारतीची, असे कशावरून? संशोधकांनी त्या फळ्यांवरील खिळ्यांची भोके आणि तळघरातील खांबांवरील खिळ्यांची भोके ताडून पाहिली. ती जुळली; खांबांवर उरलेले डागही जुळले. फळ्या त्याच खांबांवर ठोकलेल्या होत्या, मनोरा १६११ सालापर्यंत पुरा झाला होता, हे निश्चित झाले. २०१५ साली मात्सुएचा मनोरा पुन्हा राष्ट्रीय ठेवा ठरला. जपानात जुन्या काळातील असे बारा मनोरे शिल्लक आहेत. त्यांपैकी हा मान असलेले पाच. हिरोशिमा, नागोया व ओकायामा येथे आज दिसतात ते, मूळचे मनोरे १९४५ साली युद्धात नष्ट झाल्यावर, काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेले.

खाली उतरताना आम्ही तळघरात पुन्हा थांबलो. खांबांवर त्या फळ्यांच्या प्रतिकृती लावल्या आहेत. सकाळी आत शिरताना विहीर पाहण्याच्या नादात त्यांकडे आमचे लक्ष गेले नव्हते. भाचा छायाचित्र घेत होता. आम्हांस मात्र एक जुनी गोष्ट आठवून अस्वस्थ वाटू लागले. मुख्याध्यापकपदी आल्यावर पहिल्याच वर्षी शाळेच्या जुन्या इमारतीचा माळा आम्ही मोकळा करून घेतला होता. वाळवी लागलेली जनरल रजिस्टरे, आवक-जावकाची बुके, संस्थापकांच्या नावांची एक लाकडी पाटी. “साहेब, ह्यांतले काही ठेवायचे का?” असे शिपायाने विचारले होते. रद्दीवाल्याच्या पावतीवर सही आमची आहे. पुढे शाळेचा अमृतमहोत्सव आला तेव्हा पहिल्या वर्गातील मुलांची नावे कोणासच सांगता येईनात, आणि स्मरणिकेत ते पान आम्ही गोलमाल शब्दांनी भरले.

“काय झाले, मामा?” भाच्याने विचारले. आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही.

परतीच्या वेळी गुडघ्यांनी आपले म्हणणे खरे केले. सरोवराच्या उत्तर काठाने जी छोटी आगगाडी जाते, तीत सायकली घेऊन बसता येते. आम्ही तसेच केले. सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी पहिल्या तासानंतर शिपायाकडून माळ्याची किल्ली मागवून घेतली व स्वतः वर जाऊन पाहिले. जुन्या पितळी घंटेखेरीज तेथे काही उरले नव्हते. घंटेच्या कडेवर अक्षरे कोरलेली दिसली. ती चिंचेने घासून घेतली, तेव्हा देणगीदाराचे नाव व १९२८ हे साल वाचता आले. ते आम्ही नव्या रजिस्टराच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे.