शिधा, कपडे की पैसे? हरिकेनग्रस्तांच्या मदतीचा इतिहास

आजचा विषय दिसायला अगदी साधा आहे. हरिकेन येऊन गेलं, लोकांची घरं गेली, आता त्यांना काय पाठवायचं? आपण बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात ज्याला चक्रीवादळ म्हणतो, तेच अटलांटिकमध्ये उठलं की त्याला हरिकेन म्हणतात. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात राहणारे आपले अनेक श्रोते ते जवळून ओळखतात. पण मदत कशी करावी, हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे आणि त्याची उत्तरंही इतिहासात नोंदलेली आहेत. ती आपण वाचत नाही, एवढंच.

सुरुवात १८९३ पासून करू. २७ ऑगस्टच्या रात्री अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, सव्हाना शहराजवळ एक मोठं हरिकेन धडकलं. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत ‘सी आयलंड्स’ नावाची सखल बेटं आहेत. तिथे राहणारे बहुतेक लोक गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय शेतकरी आणि त्यांची मुलंबाळं होती. एका रात्रीत समुद्र बेटांवरून फिरला. हजाराहून जास्त माणसं गेली. काही अंदाज दोन हजारांपर्यंत जातात. सुमारे तीस हजार लोक बेघर झाले. विहिरी खारट झाल्या आणि काढणीला आलेलं पीक वाहून गेलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांनी मदतीचं काम हाती घेतलं. त्यांचं वय तेव्हा ७१ होतं. हातात आलेला निधी होता साधारण तीस हजार डॉलर. म्हणजे हिशेब बघा: माणशी एक डॉलर, आणि त्यात पुढचं पीक येईपर्यंत, जवळजवळ वर्षभर निभवायचं होतं. शिधा ठरला तो असा: एका कुटुंबाला आठवड्याला एक पेक, म्हणजे नऊएक लिटर मापाचा मक्याचा भरडा, आणि एक पौंड डुकराचं मांस. जेमतेम जीव जगेल एवढंच.

पण या कामातलं महत्त्वाचं शिध्याच्या पलीकडे आहे. खारं पाणी शेतात साचून राहिलं तर पुढचं पीकही जाणार होतं. म्हणून बेटांवरच्या पुरुषांनी शेतांतून चर खणले. सगळे मिळून दोनशे मैलांहून जास्त लांबीचे! उत्तरेकडून आलेल्या कपड्यांच्या पेट्या तशाच वाटून टाकल्या नाहीत. बायकांची शिवणमंडळं उभी केली आणि त्यांनीच ते कपडे निवडले, उसवले, दुरुस्त केले. वसंत ऋतू जवळ आला तसं बियाणं दिलं. १८९४ च्या उन्हाळ्यात रेड क्रॉस बेटांवरून निघाली, तेव्हा शेतं पुन्हा उभी होती.

सात वर्षांनी, ८ सप्टेंबर १९०० ला, टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन शहर हरिकेनने उद्ध्वस्त केलं. किमान सहा हजार लोक मेले. बार्टन ७८ व्या वर्षी तिथेही गेल्या. आसपासच्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक स्ट्रॉबेरी होतं, ते गेलं होतं. रेड क्रॉसने त्यांना स्ट्रॉबेरीची दहा लाखांहून जास्त रोपं मिळवून दिली. मदतसामग्रीच्या यादीत स्ट्रॉबेरीची रोपं! आपल्याला कधी सुचलं असतं का? सुचणार नाही, कारण ते सुचायला आधी तिथे जाऊन विचारावं लागतं.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ हे हरिकेन मध्य अमेरिकेवर आलं. होंडुरास आणि निकाराग्वा मिळून दहा हजारांहून जास्त लोक मेले. जगभरातून मदतीचा पूर आला. त्या काळात अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत विभागात काम करणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी पुढे जाहीरपणे एक हकीकत सांगितली. मदतसामग्रीने भरलेलं विमान उतरू शकत नव्हतं, कारण धावपट्टीवर दान केलेल्या कपड्यांच्या गाठी पडून होत्या. त्यात हिवाळी कोटांचा एक गठ्ठा होता, आणि उंच टाचेची एक चप्पल. जोडी नाही, एकच! होंडुरास हा उष्ण कटिबंधातला देश आहे, हे इथे ध्यानात घ्यायचं.

म्हणजे १८९३ मध्ये कपडे उपयोगी पडले आणि १९९८ मध्ये त्यांनी वाट अडवली. फरक कपड्यांत नव्हता. बेटांवर ते निवडायला माणसं होती, वेळ होता, कोठी होती. होंडुरासमध्ये यातलं काहीच नव्हतं. न मागितलेली वस्तू उतरवायला हात लागतात, ठेवायला जागा लागते, आणि नेमक्या त्याच वेळी हे हात आणि ही जागा औषधांना हवी असते.

ही चूक केवळ साध्याभोळ्या माणसांची नाही. २९ ऑगस्ट २००५ ला ‘कॅटरिना’ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. सरकारने बर्फ विकत घेतला. पण बर्फाने भरलेले ट्रक दिवसेंदिवस या राज्यातून त्या राज्यात फिरत राहिले आणि काही थेट उत्तर टोकाच्या मेन राज्यात पोहोचले. ब्रिटनने तयार जेवणाची लाखो पाकिटं पाठवली. त्यांत ब्रिटिश गोमांस होतं आणि त्यावर अमेरिकेत बंदी होती, म्हणून ती आर्कान्सामधल्या कोठारात अडकली. त्याच आर्कान्सात, लिटल रॉकला, आपल्या हवाई दलाचं आयएल-७६ विमानही उतरलं होतं. त्यात २५ टन सामान होतं: ताडपत्र्या, ब्लँकेटं, चादरी, स्वच्छतेचं साहित्य. शिवाय भारताने अमेरिकन रेड क्रॉसला ५० लाख डॉलर रोख दिले.

आता या विमानाच्या मापाने पाण्याचा हिशेब करून पाहा. एक लाख लिटर पाणी म्हणजे शंभर टन. अशा विमानात चाळीस-पंचेचाळीस टन माल मावतो. म्हणजे तीन खेपा. आणि माणशी रोज अडीच लिटर पिण्याचं पाणी धरलं, तर ते चाळीस हजार लोकांना पुरेल एक दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन खेपा! त्याऐवजी पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा नेली, किंवा शेजारच्या सुरक्षित गावातून टँकर आणले, तर तोच पैसा कितीतरी दिवस पुरतो.

मग पैसेच का देत नाही आपण? इथे मला मूळ मुद्दा सांगायचा आहे. १८९३ मध्ये गोऱ्या जमीनमालकांमध्ये कुरबुर होती, की या लोकांना फुकट खायला घातलं तर ते कामाला येणार नाहीत. आजही कोणी म्हणतं, ‘पैसे दिले तर उडवतील, त्यापेक्षा वस्तू द्या.’ शब्द बदलले, संशय तोच आहे. ज्याचं घर गेलं त्याची अक्कलही गेली, असं आपण नकळत धरून चालतो.

या संशयाला आधार नाहीच, असं मी म्हणणार नाही. कॅटरिनानंतर फेमा या सरकारी संस्थेने कुटुंबांना रोख मदत दिली. २००६ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी अंदाज मांडला, की त्यातले ६० कोटी ते १४० कोटी डॉलर अयोग्य रीतीने गेले. ही रक्कम लहान नाही. पण कारण पाहा: अर्जदाराची ओळख आणि पत्ता नीट तपासला गेला नव्हता. दोष पद्धतीचा होता. त्याची शिक्षा खऱ्या हरिकेनग्रस्ताला का द्यायची?

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून इथे मला दोन आधार आठवतात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांचं भान लागतं, असं म्हटलं आहे. इमॅन्युएल कांटचं म्हणणं असं, की दुसऱ्याचं भलं करायचं तर ते त्याच्या सुखाच्या कल्पनेप्रमाणे करावं लागतं, माझ्या नव्हे. उष्ण देशात गेलेला हिवाळी कोट या दोन्ही कसोट्यांवर नापास होतो.

आणि हे जमू शकतं, याचा पुरावाही आहे. २० सप्टेंबर २०१७ ला ‘मारिया’ने प्वेर्तो रिको बेटाची वीज, रस्ते, फोन सगळं तोडलं. सान हुआनच्या बंदरात मालाने भरलेले हजारो कंटेनर अडकून पडले. माल होता, तो न्यायला ट्रक आणि चालक मिळत नव्हते. त्याच वेळी होसे आंद्रेस या बल्लवाचार्यांची वर्ल्ड सेंट्रल किचन ही संस्था बेटावरच्याच स्वयंपाक्यांना, बेटावरच्याच स्वयंपाकघरांतून कामाला लावत होती. त्यांनी तीस लाखांहून जास्त जेवणं दिली, तीही लोकांच्या ओळखीच्या चवीची.

तेव्हा व्यवहाराचं सांगतो. लांब असाल तर पैसे द्या, आणि वादळाआधीपासून तिथे काम करणाऱ्या, हिशेब उघड ठेवणाऱ्या संस्थेला द्या. जवळ असाल आणि गाडीने जाऊ शकत असाल, तर आधी फोन करून यादी मागा. पहिल्या आठवड्यात बहुधा ताडपत्र्या, दोर, खिळे, हातोड्या, विजेऱ्या, लहान मुलांचे लंगोट, सॅनिटरी पॅड लागतात. पाणी ओसरलं की बुरशी काढायला हातमोजे, मास्क, ब्लीच, बादल्या, फावडी. जनरेटर देत असाल तर सोबत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्रही द्या, आणि जनरेटर घराबाहेर, दारंखिडक्यांपासून लांब चालवायला सांगा. २०२० च्या ‘लॉरा’नंतर लुइझियानात जनरेटरच्या धुराने बरेच लोक दगावले. खोक्यात एकाच प्रकारची वस्तू भरा आणि बाहेर ठळक लिहा. जुने कपडे कोणी मागितले नसतील, तर आपल्याच गावात विका आणि आलेले पैसे पाठवा.

आणि एक तारीख वहीत लिहून ठेवा: वादळानंतर सहा महिन्यांची. तोवर वर्तमानपत्रं दुसरीकडे वळलेली असतात. पण छप्पर अजून गळत असतं, विम्याचं भांडण चालू असतं, शेतात पुढची लावणी व्हायची असते. तेव्हा पुन्हा एकदा फोन करा आणि विचारा, आता काय हवंय? सी आयलंड्सवर त्या वेळी उत्तर आलं असतं बियाणं. गॅल्व्हेस्टनला स्ट्रॉबेरीची रोपं. तुम्हाला कदाचित तिसरंच काही ऐकायला मिळेल. जे मिळेल ते लिहून घ्या आणि तेवढंच पाठवा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.