कुत्र्याच्या बिस्किटाचं पाकीट

१८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी मंडळींनी दंगा केला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांनी पांजरापोळ संस्था सुरू केली. हा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक असतो, बिस्किटाचा नसतो.

१८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने गहू, बीट, भाज्या आणि सुकं मांस घालून कुत्र्यांचे केक विकायला काढले. मांस कुठून येतं, ते मात्र त्याने गुपितच ठेवलं!

पनवेलच्या दुकानात स्वस्त पाकिटं उलटून वाचताना मला हा स्प्रॅट आठवतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची रीत आहे, म्हणून पहिली दोन-तीन नावं बघावीत. नुसतं ‘मीट मील’ लिहिलं असेल तर प्राणी कोणता, ते कळायचं नाही. साखर वरच्या नावांत असेल तर पाकीट परत ठेवावं. झायलिटॉल तर कुत्र्याला विषच. आणि गाठी मारलेलं ते पांढरं ‘हाड’ बहुतेक वेळा गुराचं कातडं असतं. जीवदया म्हणून आपण चामडं विकत घ्यायचं का? आमच्या गल्लीतल्या काळूला मी कोरडी पोळी घालते.